दगडू मिस्त्रीची उदबत्ती

मोटार बिघडली म्हणून दगडू मिस्त्रीकडे नेली, तर तो आधी मोटारीकडे पाहतच नसे. डायव्हरकडे पाही. बैलबाजारात घेणारा माणूस जनावराभोवती फिरतो तशी आपल्याभोवती एक चक्कर मारी आणि मग विचारायला लागे. रात्री गाडी कुठं उभी होती? तोंड उगवतीकडं होतं का मावळतीकडं? आधी वास आला का आधी आवाज आला? आपण एक उत्तर द्यावं, की पुढचा सवाल तयार, "काऊन?", म्हणजे असं का?

मी मराठी दुसरी शिकलेला माणूस. शाळेतल्या मास्तरानं मला इतके सवाल केले नाहीत. मला राग यायचा. मलकापूर स्टेशन ते धाड ही मोटार मी चालवत होतो. राजूरच्या घाटात माझ्या हाताखाली गाडी कधी मागं सरकली नाही, त्या वाटेवर कोणालाही विचारा. आणि हा लोहाराचा पोरगा माझी उलटतपासणी घेणार! एकदा मी म्हणालो, "मिस्त्री, तुले गाडी दुरुस्त करायची हाय का माही सोयरिक जमवायची हाय?"

तो म्हणाला, "सोयरिक असती तं इतकं इचारलं नसतं, भाऊ. तिथं लोक डोये मिटून पोरगी देतेत. हे इंजिन हाय."

ही गोष्ट वऱ्हाड आणि मध्यप्रांत एक होते तेव्हाची. सरकार नागपूरला बसत होतं आणि धाडच्या पलीकडे थोडं गेलं की निजामाची हद्द लागत होती. मलकापुरात कापसाची सरकी काढायच्या जिनाच्या भिंतीला टेकून दगडूचं टिनाचं छप्पर होतं. मोटारी येण्याआधी तो बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचा. धाव बसवताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ठाऊक आहे, ती चाकापेक्षा जरा लहानच करतात. गोवऱ्यांच्या आगीत लाल केली की ती मोठी होते, चाकावर चढते, वर पाणी ओतलं की चर्र करून अशी आवळते की लाकूड कण्हतं. लोखंड तापलं की फुगतं आणि निवलं की आकसतं, एवढी एक विद्या घेऊन दगडू मोटारीच्या धंद्यात आला होता. बाकीची त्यानं लोकांना पिडून पिडून गोळा केली.

अंगानं काटकुळा, हात गुडघ्यापर्यंत लांब, आवाज मात्र जिनाच्या भोंग्यासारखा. डोक्याला पांढरं फडकं बांधायचा. मिस्त्रीच्या डोक्याला पांढरं फडकं म्हणजे थट्टाच. पण तेच फडकं सोडून तो इंजिनाच्या सांध्यावर पुसायचा आणि उजेडात धरून पाहायचा. "काळं फडकं काय सांगन? पांढरं सगळं सांगते," म्हणायचा. ते फडकं धुता धुता त्याची बायको कौतिकावहिनी काय काय सांगायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि दुसरा माणूस कानामागे जिथं विडी खोचतो, तिथं दगडूच्या कानामागे उदबत्ती असायची. देवाची. तीही वहिनीच्याच देव्हाऱ्यातून आणलेली.

त्या उदबत्तीचं काम असं. इंजिनाच्या बगलेला बिडाचा एक पंजा असतो, त्याची बोटं इंजिनाला चिकटलेली. इंजिन एकीकडून हवा आणि पेट्रोल ओढतं आणि दुसरीकडून जळलेला धूर फेकतं, ते सगळं या पंजातून. बीड आणि इंजिन या दोन लोखंडांच्या मध्ये तांब्याचं एक पातळ पान घालतात, त्याच्या पोटात आगीत न जळणारा अॅस्बेस्टॉस. त्याला गासकीट म्हणतात. दगडू पत्रावळ म्हणायचा. ती फुटली की इंजिन एक तर चोरून हवा ओढतं, नाही तर वाटेतच धूर सोडतं. मग दगडू उदबत्ती पेटवी, इंजिन चालू करायला सांगे आणि सांध्यावरून ती हळूहळू फिरवी.

"धूर आत खेचला तं ओढत्या बाजूले भोक. फेकला तं फेकत्या बाजूले. सीधा वर गेला तं पंजा चांगला हाय, तुही गाडी दुसऱ्याच कायच्यानं रडून राह्यली."

नवा माणूस हे पाहून हात जोडायचा. एका शेतकऱ्यानं तर बोनेटसमोर नारळ फोडला. दगडूनं खोबरं खाल्लं आणि म्हणाला, "पोचलं इंजिनाले."

पत्रावळ केव्हा बदलायची यावर त्याची माझी जितकी भांडणं झाली तितकी माझ्या सख्ख्या भावाशी झाली नाहीत. खामगावचा एक डायव्हर एकदा मोठ्या ऐटीत आला, म्हणाला, साल झालं, आता गासकीट बदलून टाका. दगडूनं त्याला विचारलं, चढावर इंजिन टकटक करते का? सांध्यावर काळी रेघ आली का? पायाजवळ धुराचा वास येते का? उभ्या गाडीत इंजिन धापा टाकते का? डायव्हर प्रत्येकाला नाही म्हणाला. "मंग काऊन उघडू? जाय, चहा पिऊन जाय." आणि याच्या उलट, एकदा पंजा उघडला की जुनी पत्रावळ तो कोणाच्या बापालाही परत बसवू देत नसे. "एकजण जेवून उठला त्याच पत्रावळीवर दुसऱ्याले वाढतेत का बे? तांबं एकदा दबलं की दबलं. ते पुन्हा नाही दबत." चिखलीच्या एकानं फुटका सांधा गूळ-चुन्यानं लिंपून आणला होता. दगडूनं बोटावर घेऊन चाटला आणि डोळे मिटून म्हणाला, "गूळ जुना हाय. चुना बरा हाय. अक्कल कुठी हाय?"

काढलेल्या पत्रावळी तो तारेत ओवून ठेवायचा. काम नसलं की एकेक काढून काळे डाग पाहत बसायचा, इथून फुटली, इथून जळली, काऊन? एकदा लग्नाच्या वऱ्हाडाची मोटार त्यानं अशीच उघडून ठेवली. नवरदेव बाशिंग बांधून छपराखाली उभा, मुहूर्त टळत चाललेला, आणि हा पत्रावळीला भिंग लावून बसलेला. नवरदेवाच्या मामानं शेवटी त्याचं भिंग हिसकून घेतलं तेव्हा गाडी जोडली गेली. असा माणूस. त्याला कामापेक्षा कामाचं कारण प्यारं.

आता आमच्या मोटारीचं सांगतो. मालक बाबूशेठ. मोटार एकच, पण शेठचा रुबाब दहा मोटारींचा. आमची मोटार बोलायची. पहाटे धाडहून निघताना हँडल मारलं की फट्‌-फट्‌-फट्‌ असा आवाज सुटायचा. मळ्यातली माणसं तो ऐकून गाठोडी उचलायची आणि रस्त्यावर येऊन उभी राहायची. आवाज पंजातून येतो हे मला समजत होतं. दगडूचे सवाल नकोत म्हणून त्याला न सांगता मीच लांब पाना घेऊन कडेचे नट आवळायचो, थोडे दिवस कमी व्हायचा, पुन्हा यायचा. बाबूशेठ म्हणायचे, "बोलू दे. भोंगा घ्याले नको, दवंडी द्याले नको."

गाडीत माझ्या पाठीमागचं बाकडं बायकांचं. त्या भागातल्या देशमुखांच्या बायका पडद्यात राहायच्या, म्हणून शेठनं त्या बाकड्याला चारी बाजूंनी जाड कापडाचा पडदा लावला होता. पाठीशी कोण बसलं आहे हे मला फक्त बांगड्यांवरून समजायचं. धाडजवळच्या एका खेड्याचे बापूसाहेब देशमुख, त्यांची धाकटी सून यमुना. माहेर मोताळ्याचं, बुलढाण्याच्या पुढे घाट उतरून. सणावाराला माझ्याच गाडीनं जायची, सोबत घरातली जुनी म्हातारी भागाआजी.

त्या हिवाळ्यात असं झालं की माहेरी जाताना बुलढाणा यायच्या आत यमुनाची शुद्ध गेली. पडद्यातून तिला उचलून खाली घेतलं, वारा घातला, शुद्धीवर आली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग देशमुखांच्या घरात बोलणं सुरू झालं, की सुनेला मिरगी आहे आणि मोताळेकरांनी ती लपवून मुलगी आपल्या गळ्यात बांधली. कोणी म्हणालं, माहेरचं काही बाहेरचं आहे, कारण जातानाच होतं, येताना होत नाही. शेवटी ठरलं. संक्रांत झाली की तिला मोताळ्याला पोचवायची आणि परत आणायची नाही. मुलासाठी दुसरी पाहायची.

हे मी दगडूला सांगितलं ते नुसत्या गप्पा म्हणून. तो गाडीखाली झोपला होता. आधी त्याचे पाय हलायचे थांबले, मग तो सरपटत बाहेर आला.

"जाताना होते, येताना नाही?"

"हाव."

"काऊन?"

"मले काय ठाऊक? बाईचं दुखणं."

"कोणत्या बाकड्यावर बसते?"

"बायकायच्या. पडद्याआड."

"संग कोण असते?"

"भागाआजी."

"तिले काय होते?"

"तिले काय व्हायचं? ती तं झोपते."

"येतानाबी झोपते?"

मी आठवायला लागलो. येताना त्या म्हातारीची टकळी मोताळ्यापासून सुरू व्हायची, ती घाट चढून बुलढाणा मागं पडलं तरी संपायची नाही. माझं डोकं उठायचं. जाताना मात्र पडद्याआड चिडीचूप.

दगडू धुळीतच मांडी घालून बसला. "डायवर," तो म्हणाला, "मिरगी दोघींले कशी होईन?"

आता इथं तो शहाणा ठरला असं समजू नका. आधी त्यानं छातीठोक सांगितलं, पेट्रोलचा वास. नळी बदलली. पुढच्याच सकाळी एका माळणीनं पडद्यात उलट्या केल्या. मग त्यानं उदबत्ती लावली. मलकापुरात, भर दुपारी, मी घाट उतरून गाडी आणल्याबरोबर. धूर सरळ वर गेला. "पंजा चांगला हाय," म्हणाला आणि तोंड पाडून बसला. काही दिवस त्यानं मला एकही सवाल केला नाही. मला करमेना.

मग एकदा त्याच्या भावाकडे चाकाला धाव बसवत होते. दगडू धाव निवताना पाहत उभा होता, तो एकदम ओरडला आणि धोतर सावरत माझ्याकडे पळत आला. "तू गाडी मायाकडं नेहमी तापलेलीच आणतो! तापल्यावर बीड फुगते, भोक बुजते. पाहाले पाहिजे ते थंडं. यमुनाबाई धाडहून बसते ते थंड्या गाडीत. येताना मोताळ्याहून बसते तं गाडी तापूनच आलेली असते!"

त्याच संध्याकाळी तो माझ्याबरोबर धाडला आला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, हातपाय वाकडे होतील अशा थंडीत, मी हँडल मारलं आणि त्यानं उदबत्ती सांध्यावर नेली. मधल्या बोटांजवळ धूर असा उडाला, जसा कोणी फुंकर मारून उडवावा. दगडू नाचायचाच बाकी राहिला.

मी म्हणालो, "झालं तं मंग. बदल पत्रावळ."

"थांब. धूर बाहीर पडते हे समजलं. त्यानं माणूस पडते का, हे कुठी समजलं?"

आणि तो बायकांच्या बाकड्यावर जाऊन बसला. त्या दिवशी बाईमाणूस कोणी नव्हतं. थंडी म्हणून पडदा खालपर्यंत सोडून घेतला, आतून बांधला. त्या बाकड्याखालची फळी तुटलेली होती, वर पोतं टाकलेलं. मी गाडी काढली. आधी आतून त्याचं बोलणं येत होतं, "वास येते... आता नाही येत... नाही, येते." मग येईना. मला वाटलं, बोलून बोलून दमला असेल.

बुलढाण्याच्या अलीकडच्या खेड्यात एक जाडजूड बाई चढली. तिनं पडद्याची गाठ सोडली आणि अशी किंचाळली की टपावरची कोंबडी फडफडली. बायकांच्या बाकड्यावर डोक्याला पांढरं फडकं बांधलेला मिशीवाला पुरुष आडवा पडलेला! लोकांनी त्याला पाय धरून बाहेर ओढला. कोणी म्हणालं दारू पेला, कोणी म्हणालं बदमाश हाय, जोडा काढला. मी मध्ये पडलो. माझ्या गाडीतल्या माणसाला मी हात लावू देत नाही, मग तो कसाही असो. दगडू रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून ओकत होता, तोंड लालभडक, डोकं दोन्ही हातांनी धरलेलं, आणि मधूनमधून हसत होता.

"लागली! डायवर, मलेबी लागली मिरगी!"

आजारी पडून इतका खूष झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बापूसाहेबांकडे तो स्वतः गेला. मी पायरीशी उभा होतो. बापूसाहेब ओसरीवर तक्क्याला टेकून बसले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "मिस्त्री, तू मोटारीचा वैद हायेस का माणसाचा?"

"मोटारीचा, बापूसाहेब. म्हणूनच आलो. सूनबाई बीमार नाही. मोटार बीमार हाय."

"अन् मोटार दुरुस्त करूनबी ती पडली तं?"

दगडूला थोडं हातचं राखून बोलता आलं असतं. त्याला ते येतच नव्हतं. "तं मी खोटा," तो म्हणाला.

"तू खोटा निघून आमचं काय जाते? ऐक. संक्रांत झाली की ती जाणार, ते ठरलं. थंडीत, पहाटे, पडदा सोडून. शुद्धीत पोचली तं आठ दिवसानं माणूस पाठवून परत आणतो. पडली तं तिकडंच राहीन. मंग माया दारात पाय ठेवू नोको."

माजघराच्या दाराआडून यमुनाच्या सासूचा, देशमुखीणबाईंचा, आवाज आला, "संग मी बसते. पाहू तं, मले कोणती मोटार पाडते!"

त्याच दाराआड आणखी कोणीतरी उभं होतं. बांगड्या वाजल्या. पाठीमागून ऐकून ऐकून त्या बांगड्या मला ओळखू येत होत्या.

नवं गासकीट मुंबईहून मागवायला वेळ नव्हता. दगडूनं तांबटाकडून पत्रा आणला, जिनाच्या बॉयलरवाल्याकडून अॅस्बेस्टॉस मागून आणला, पत्रा इंजिनाच्या तोंडावर धरून लहान हातोडीनं कडेकडेनं ठोकून ठोकून भोकं काढली आणि घरीच पत्रावळ लावली. पहाटे मोटार मुकी झाली. दगडू गावभर सांगत फिरला. आणि संक्रांत तोंडावर आली असताना एका सकाळी फट्‌-फट्‌-फट्‌. मोटार पुन्हा बोलायला लागली.

मी ते सांगायला गेलो तेव्हा तो जेवत होता. हात धुऊन उठला. पंजा उघडला, त्याची स्वतःची नवी पत्रावळ काढून फेकली. मी म्हणालो, नवीच हाय, काऊन फेकतो? "जेवली ती," एवढंच म्हणाला. मग न्हाव्याच्या दुकानातला मोठा आरसा उचलून आणला. गिऱ्हाइकं साबण लावलेल्या तोंडानं त्याच्या मागे आली. आरशावर त्यानं शेंदूर तेलात कालवून पातळ फासला आणि बिडाचा पंजा त्यावर उपडा दाबला. उचलून पाहिला तर कडेची बोटं लाल, मधली कोरी. पंजा वाकला होता. मधे कितीही चांगली पत्रावळ घाला, ती दबणारच नव्हती.

त्याच वेळी बाबूशेठ आले. उदबत्ती जळते आहे, पंजाला शेंदूर, समोर आरसा, भोवती लोक. "मिस्त्री, माया मोटारीचं देऊळ केलं का?"

दगडूनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत होता. "काऊन वाकला?"

"मले काय इचारतो?"

"कडेचे नट लांब पान्यानं कोण आवळते?"

"ढिले झाले की आवळायचे नाही तं काय आरती करायची?"

"आरतीच करून राह्यलो न मी!"

सगळे हसले. हसू द्या. सगळ्या वाटेवरचे सगळे डायव्हर तसेच आवळत होते आणि गाड्या चालत होत्या. माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. दगडूनं कानस घेतली. घासायचं, शेंदरावर दाबायचं, पाहायचं, पुन्हा घासायचं. सगळी बोटं एकसारखी लाल उठेपर्यंत त्यानं डोकं वर केलं नाही. मग दुसरी पत्रावळ. नट आवळले तेही मधून कडेकडे, थोडेथोडे, आणि इंजिन एकदा तापवून निवू दिल्यावर पुन्हा एकदा. लांब पाना त्यानं माझ्या गाडीतून काढून घेतला तो मला कधी परत मिळाला नाही.

राहिली बाकड्याखालची तुटकी फळी, जिच्या भेगेतून धूर आत यायचा. मी म्हणालो, "तिच्यावर पत्रा टाक, की झालं काम." दगडू म्हणाला, नाही.

"काऊन नाही?"

"दोन दवा एकाच टायमाले दिल्या तं गुण कोणाचा ते कसं समजन? पत्रावळीनं बरं झालं का पत्र्यानं?"

तेव्हा मात्र माझं टाळकं फिरलं. मी त्याची बंडी धरली. "मिस्त्री, तिकडं एका पोरीचा संसार टांगला हाय, अन् तुले समजून घ्याचं पडलं हाय?"

त्यानं माझ्या मुठीतून बंडी सोडवून घेतली, फळीतली भेग एकदा बोटानं चाचपली. मग उठला, टिनाचा एक तुकडा आणला, भेगेवर सरकवला, वर पोतं टाकलं. छपराकडे परत जाताना म्हणाला, "आता कधीच नाही समजणार." तोंड असं, की घरात कोणी गेलं असावं. त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती, ते मला तेव्हा समजलं नाही.

संक्रांतीनंतरची ती पहाट. यमुना आणि तिची सासू पडद्यात. दगडू माझ्या शेजारी. मी हँडल मारलं, इंजिन सुरू झालं आणि आवाजच नाही. नुसती मांजरासारखी घुरघुर. रस्त्यावर रोजची माणसं नव्हती. मोटार बोललीच नाही तर येणार कशी? एक दोघं शेतातून हातवारे करत धावली आणि मागेच राहिली.  दगडू मान मागे वळवून पडद्याकडे कान लावून बसला होता. मीही ऐकत होतो. बांगड्या वाजल्या की बरं वाटे. मध्येच काहीतरी घासल्यासारखा आवाज आला, देशमुखीणबाई खाकरल्या, मग बराच वेळ काही नाही. दगडूनं माझा दंड धरला, तो बुलढाण्यापर्यंत सोडला नाही.

अड्ड्यावर गाडी थांबवली. पडद्यातून आधी देशमुखीणबाईंचं बोलणं आलं, "पाठीचा तुकडा पडला बापा! काय रस्ता हाय का काय हाय!" आणि त्यांच्या पाठोपाठ कोवळा, स्वच्छ आवाज, "मिस्त्रीदादा, मोटार आज बोलली काऊन नाही?"

"यमुना!" सासू दटावली. पण दटावण्यात जोर नव्हता.

इतक्या दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.  दगडू खाली उतरला, मोटारीच्या मागं गेला, आणि डोक्याचं पांढरं फडकं काढून तोंड पुसून आला. आठ दिवसांनी बापूसाहेबांचा माणूस मोताळ्याला गेला आणि तिला घेऊन आला. बाबूशेठ मात्र दगडूवर वर्षभर रागावलेले होते. माणसांची मोटार चुकायला लागली म्हणून त्यांना रबरी फुग्याचा भोंगा विकत घ्यावा लागला.

त्यानंतर खूप दिवस गेले. मोटारी बदलल्या, पडदे गेले, बापूसाहेब गेले. दगडू म्हातारा झाला, ऐकू कमी यायला लागलं. छप्पर पुतण्या पाहायचा आणि हा बाहेर खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सवाल करायचा. मी गेलो की ठरलेलं एक बोलणं निघायचं, "डायवर, पत्रावळ का पत्रा रे?" मी म्हणायचो, सोड आता. तो सोडायचा नाही.

एकदा मी शेगावला दर्शनाला जाणारे प्रवासी घेऊन चाललो होतो. चाकात हवा कमी वाटली म्हणून छपराशी थांबलो, तर तिथं एक जुनी खाजगी मोटार उभी होती, बोनेट उघडं. खाटेजवळ केस पिकायला लागलेल्या एक बाई उभ्या, डोक्यावर पदर, तोंड उघडं. मी ओळखलं नाही. त्या बोलल्या तेव्हा ओळखलं.

"मिस्त्रीदादा, एक सांगाचं राहून गेलं. त्या दिवशीचा तो पत्रा हाय न, पोत्याखाली पायाले लागला, तो मी बसल्या बसल्या पायानं सारला होता."

दगडूनं कानाला हात लावला. त्यांनी खाली वाकून मोठ्यानं पुन्हा सांगितलं. "भेग उघडी करून बसली होती. बुलढाण्यापर्यंत."

मी टायरजवळून उठून उभा राहिलो. सासू शेजारी, घर पणाला लागलेलं, आणि ही बाई पायानं पत्रा सारते!

दगडूचा चेहरा हळूहळू फुटला. आधी डोळे, मग तोंड. "काऊन?" तो म्हणाला. आवाज जुनाच.

"पत्रा असता अन् मी चांगली राह्यली असती, तं लोकं म्हणाले असते मिरगी नाही. पण मले कसं समजलं असतं? मोटारीचा रोग गेला का पत्र्याखाली नुसता झाकला, हे मले समजून घ्याचं होतं."

 पुढचा सवाल दगडूकडे नव्हता, असं मी त्या एकाच वेळी पाहिलं. मग त्यानं कानामागची उदबत्ती काढली, पेटवली आणि त्यांच्या हातात दिली. "तुही गाडी हाय न? तूच पाह्य." पुतण्यानं इंजिन सुरू केलं. यमुनाबाईंनी पदर खोचला आणि उदबत्ती पंजाच्या पहिल्या बोटापाशी धरली. दगडू खाटेवरून उठून त्यांच्या खांद्याशी मान तिरपी करून उभा राहिला. दोघांची डोकी बोनेटात.

माझे प्रवासी आरडाओरडा करत होते, आरती चुकते म्हणून. मी गाडी काढली. दगडू मला शेवटचा दिसला तो तेवढाच, पाठमोरा. धूर कोणीकडे गेला ते मला दिसलं नाही. कधीमधी वाटतं, जरा थांबून पाहायला पाहिजे होतं.